केबिनपर्यंत न येणारा विद्यार्थी: पदव्युत्तर मार्गदर्शन सर्वांपर्यंत पोहोचवण्याची पायरीवार रीत

जुलैत एमए-एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची यादी लागते, तुमच्या नावापुढे प्रकल्पाचे सात-आठ विद्यार्थी येतात आणि तुम्ही वर्गात सांगता, "काही अडलं तर कधीही या." पंधरा दिवसांत दोघं-तिघं येतात. त्यांना विषय मिळतो, पुस्तकं मिळतात, तुमचा मोबाइल नंबरही मिळतो. उरलेले पाच जण थेट डिसेंबरात दिसतात, नेटवरून उतरवलेली चाळीस पानं हातात घेऊन. आपण म्हणतो, त्यांना रस नव्हता. बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. 'कधीही या' म्हणजे नेमकं कधी, काय घेऊन, किती वेळासाठी, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. ज्याच्या घरात आधी कोणी शिकलंय, त्याला ते न सांगता कळतं. कोकणात जैतापूर खाडीच्या पलीकडून किंवा सुधागडातल्या एखाद्या आदिवासी वाडीवरून आलेल्या, घरातल्या पहिल्याच पदवीधराला ते कळणार कुठून?

राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार लागू झालेल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर रचनेत संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्यामुळे मार्गदर्शन हा चार हुशार मुलांसाठीचा जादा तास राहिलेला नाही. ते प्रत्येकाच्या निकालात उतरतं.

पुढच्या पायऱ्या एमए-एमएस्सीचे प्रकल्प आणि पीएचडी दोन्हींसाठी आहेत. क्रम शक्यतो मोडू नका. आपण बहुतेक जण थेट पाचव्या पायरीपासून, म्हणजे विषयापासून सुरुवात करतो आणि पुढच्या निम्म्या अडचणी तिथेच तयार होतात.

## पायरी १: यादी येण्याआधी मागचा कागद लिहा

मागच्या तीन वर्षांत तुमच्याकडे असलेल्या विद्यार्थ्यांची नावं एका कागदावर लिहा. आधी आठवणीतून, मग हजेरीपटावरून. आठवणीतून जी नावं सुटली त्यांच्याभोवती गोल करा.

आता प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: वर्षभरात समोरासमोर भेटी किती झाल्या, मसुदा किती वेळा वाचला, आविष्कार या विद्यापीठीय संशोधन स्पर्धेला किंवा एखाद्या परिषदेला पाठवलं का, शिफारसपत्र दिलं का. गोल केलेल्या नावांपुढे बहुतेक रकाने रिकामे राहतील.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा गोलातली बहुतेक नावं रोज एसटीने येणाऱ्यांची निघाली. तोवर मला वाटत होतं की फरक हुशारीचा आहे. कागदावर दिसला तो गाडीच्या वेळेचा फरक. माझी निवांत वेळ साडेचारनंतरची आणि त्यांची गाडी सव्वाचारची. अख्खं वर्ष मी त्यांच्यासाठी उपलब्धच नव्हतो आणि दोष त्यांना देत होतो.

हा कागद कोणाला दाखवायचा नाही, पण टाकूनही देऊ नका. शेवटी पुन्हा लागेल.

## पायरी २: विचारावं लागू नये म्हणून एक पान

विद्यार्थ्याला मागावी लागेल अशी सगळी माहिती एका पानावर छापा आणि ते पान सगळ्यांना द्या. त्यात असावं:

- महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्तींचे अर्ज कधी सुरू होतात, कॉलेजात कोणत्या टेबलावर कोण ते तपासतं.
- लागणारी कागदपत्रं: उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, आधारशी जोडलेलं बँक खातं. खातं आधारशी जोडलेलं नसल्यामुळे मंजूर झालेले पैसेही अडकतात, म्हणून ही ओळ ठळक छापा.
- पीएचडी करणाऱ्यांसाठी राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती (फेलोशिप): अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी महाज्योती. नेट परीक्षेतून जेआरएफ ही राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती मिळालेल्यांना जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहेत.
- वसतिगृह, ग्रंथालयातून घरी मिळणाऱ्या पुस्तकांची संख्या, संगणक कक्षाच्या वेळा.
- तक्रार निवारण समिती आणि (लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची) अंतर्गत समिती यांच्याशी संपर्क कसा साधायचा.

सावधान. "स्कॉलरशिपवाल्यांनी उभं राहा" हे वाक्य वर्गात कधीही म्हणू नका. प्रवर्ग लिहिलेली यादी फलकावर किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. एका क्षणात सगळ्या वर्गाला कळतं की कोण कुठल्या प्रवर्गातलं आहे, आणि ते मूल पुढे वर्षभर त्या नजरेखाली बसतं. शिष्यवृत्तीची सूचना सगळ्यांना एकच द्यायची. ज्याची त्याला ती बरोबर सापडते.

## पायरी ३: पहिली भेट, प्रत्येकाची, सारख्याच वेळाची

यादी लागल्यापासून दोन आठवड्यांच्या आत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र अर्धा तास द्या. वेळा तुम्ही ठरवून कागदावर लावा. "ज्यांना भेटायचंय त्यांनी सांगा" असं विचारलंत की पुन्हा तेच दोघं-तिघं येतील. वेळा लावण्याआधी प्रत्येकाची येण्या-जाण्याची गाडी कोणती ते विचारून घ्या. देवरुख, लांजा, राजापूरकडून येणाऱ्यांना दुपारच्या आधीची वेळ द्या. शहरात राहणाऱ्यांना संध्याकाळ चालते.

सगळ्यांना तेच प्रश्न विचारा. मी हे विचारतो:

- घरून किती वाजता निघतोस? परतीची शेवटची गाडी कधी? पावसात ती रद्द होते का?
- घरी मोबाइलला रेंज कुठे मिळते? लॅपटॉप स्वतःचा आहे, कोणाबरोबर वाटून वापरायचा आहे, की नाहीच?
- कोणत्या महिन्यांत घरच्या कामात तुझी गरज लागते?
- वाचायला कोणती भाषा सोपी वाटते, आणि लिहायला कोणती?
- आजवर शिकताना सर्वात आवडलेलं काम कोणतं?
- हे दोन वर्षांचं शिक्षण संपल्यावर काय करायचं मनात आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून घ्या. सहाव्या पायरीचं वेळापत्रक त्यावरच बसणार आहे.

न विचारायचे प्रश्नही ठरलेले असू द्या: जात, वडील काय करतात, लग्न कधी, "तुमच्यात मुलींना एवढं शिकवतात का". हे आपण आपुलकीने विचारतो हे मला माहीत आहे. पण समोरच्याला त्यात परीक्षा दिसते. ज्या मुलीला पहिल्याच भेटीत लग्नाचं विचारलं जातं, तिला एवढंच समजतं की सरांनी आपल्याला अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांत धरलंय.

अपंगत्व, आजारपण, घरातली अडचण यांबद्दल तोंडी विचारू नका. "माझ्याकडून कोणती सोय हवी असल्यास इथे लिहा" अशी ओळ असलेला छोटा कागद सगळ्यांना द्या आणि बंद पाकिटात परत घ्या. ज्यांना काही लिहायचं नाही तेही कोरा कागद पाकिटात घालतील, त्यामुळे कोणी लिहिलं ते इतरांना कळत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत आणि त्यातली कितीतरी बघून ओळखू येत नाहीत. सिकलसेलचा आजार त्यातलाच, आणि अध्ययन अक्षमताही.

इथे थांबून तपासा. सगळ्या भेटी झाल्या का? एखादा दोनदा वेळ देऊनही आला नसेल तर त्याच्या वर्गमित्राकडून निरोप पाठवू नका. स्वतः फोन करा. तो बहुतेक कामावर असतो.

## पायरी ४: एका पानाची लेखी समजूत

पीएचडीला नियमावली तरी असते. एमए-एमएस्सीला सगळं तोंडी चालतं आणि तोंडी व्यवहारात नेहमी धीट विद्यार्थ्याचा फायदा होतो. म्हणून एक पान लिहा, दोघांनी सही करा, एक प्रत त्याच्याकडे, एक तुमच्याकडे.

त्यात इतकं पुरे: भेटीचा वार आणि वेळ, भेटीला येताना काय आणायचं (एक पान लिखाण किंवा तीन प्रश्न, दोन्हींपैकी काहीही चालेल), मसुदा दिल्यापासून किती दिवसांत मी वाचून परत देईन, फोन-मेसेज कधीपर्यंत केलेला चालेल, येता आलं नाही तर कसं कळवायचं, लेख छापला गेला तर नावांचा क्रम कसा ठरेल. आणि एक ओळ अशी: मार्गदर्शकाचं कोणतंही खासगी काम विद्यार्थ्याला सांगितलं जाणार नाही. बँकेची रांग, मुलांची शिकवणी, घर हलवणं, सगळं यात आलं. ही ओळ लिहिताना काहींना संकोच वाटेल. पण "सरांचं काम कसं नाकारायचं" या विचारात ज्यांचे दिवस जातात ती मुलं ठरलेलीच असतात, आणि ती कधीच तक्रार करत नाहीत.

विभागातल्या कामांची वाटणीही इथेच बघा. चर्चासत्र आलं की मुलींकडे रांगोळी, स्वागत, चहा. मुलांकडे प्रोजेक्टर, पाहुण्यांची ने-आण. गाडीतून पाहुण्यांबरोबर दोन तास बोलत येणाऱ्या मुलाची ओळख होते, रांगोळी काढणाऱ्या मुलीची होत नाही. कामं चिठ्ठ्या टाकून वाटा.

## पायरी ५: विषय

इथे दोन चुका होतात आणि दोन्ही सज्जन माणसं करतात.

पहिली: विद्यार्थी जिथला, तिथलाच विषय त्याच्या गळ्यात घालायचा. कातकरी मुलगा दिसला की कातकरी समाजाचं स्थलांतर, कोळीवाड्यातली मुलगी आली की मासेमारी, कोकणी मुसलमान विद्यार्थी असला की त्यांची बोली. त्याला कदाचित संख्याशास्त्रात गती असेल, तिला अर्थशास्त्रातलं पतधोरण आवडत असेल. शहरातल्या मुलाला जगातला कोणताही विषय खुला आणि याला फक्त स्वतःचं गाव, ही वाटणी नकळत आपणच करतो.

दुसरी चूक याच्या उलट: त्याच्याकडे घरातून आलेलं जे ज्ञान आहे ते संशोधनाच्या कामाचं आहे, हे त्याला कधी सांगायचंच नाही. माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती. तिची आई ओहोटीला खडकावरची कालवं काढायला जायची. प्राणिशास्त्राच्या तासाला ती मुलगी गप्प असायची. एकदा किनाऱ्यावर गेलो असताना तिने सहज सांगितलं की उधाणाच्या ओहोटीला पाणी लांब हटतं, तेव्हा मोठी कालवं हाती लागतात आणि भांगाच्या, म्हणजे पाणी फारसं न हटणाऱ्या दिवसांत आई जातच नाही. कोणत्या खडकावर कोणत्या महिन्यात काय मिळतं, याचा बारा महिन्यांचा हिशेब तिच्या डोक्यात होता. पाठ्यपुस्तकातलं भरती-ओहोटीचं प्रकरण ती लहानपणापासून जगत होती, आणि मी तिला वर्षभर 'साधारण' समजत होतो. तिने शेवटी विषय घेतला तो वेगळाच, पाण्याच्या तपासणीचा. पण त्या दिवसानंतर ती बोलायला लागली.

मग करायचं काय? विषय असा ठरवा:

१. विद्यार्थ्याला आठवडाभरात पाच प्रश्न लिहून आणायला सांगा. विषय आणायला सांगू नका, प्रश्न सांगा. "मालवणच्या पर्यटनाचा अभ्यास" हा प्रश्न होत नाही, "घरगुती न्याहारी-निवास चालवणाऱ्या बायकांना मे महिन्यात मदतीला माणसं कुठून मिळतात?" हा होतो. पाचांपैकी निदान दोन प्रश्न स्वतःच्या गावाबाहेरचे असावेत आणि निदान एक गावातला.

२. प्रत्येक प्रश्नापुढे तीन रकाने: माहिती कुठे मिळेल, पोहोचायला किती खर्च येईल, कोणत्या महिन्यात मिळेल. खर्चाच्या रकान्यात तुम्ही मदत करा. विद्यार्थी तिथे लाजून शून्य लिहितात.

३. निवड त्याची. तुम्ही फक्त न जमणारे प्रश्न कारण सांगून बाजूला काढा.

४. विद्यार्थ्याने स्वतःच्या समाजावर काम करायचं ठरवलं तर आधी एक वेगळी बैठक घ्या. आपल्याच माणसांच्या मुलाखती घेणं सोपं वाटतं, पण तिथे नातेवाइकांची गुपितं हाती येतात, भावकीतले वाद निघतात आणि "लिहू नको" म्हणणारी माणसं उद्या त्याच वाडीत भेटणार असतात. संमती कशी घ्यायची, नावं कशी बदलायची, काय गाळायचं, हे काम सुरू होण्याआधी ठरवा.

इथे थांबून तपासा. विषयाचं वाक्य विद्यार्थ्याला घरच्या भाषेत आईला सांगता येतं का? मालवणीत, आगरीत, संगमेश्वरीत, कशातही. सांगता आलं तर विषय त्याचा झाला आहे. नसेल तर तो अजून तुमचाच आहे.

## पायरी ६: कोकणचं वेळापत्रक

विद्यापीठाचं कॅलेंडर एक असतं आणि कोकणातल्या घराचं दुसरं. दोन्ही शेजारी ठेवून तारखा ठरवा.

जून-जुलैत लावणी. ज्याच्या घरी भातशेती आहे त्याच्याकडून या काळात वाचनाची अपेक्षा ठेवा, लिखाणाची नको. याच दोन महिन्यांत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे बंदरावर होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि जाळी दुरुस्त करणाऱ्या खलाशांना बोलायला वेळ असतो. मासेमारीवर मुलाखती घ्यायच्या असतील तर हर्णैला किंवा मिरकरवाड्याला तेव्हाच जा. ऑगस्टपासून त्यांना मान वर करायला फुरसत नसते. गणपतीत मुंबईहून चाकरमानी येतात, घरं भरतात आणि स्वयंपाकघराचा भार मुलींवर पडतो. गणपतीनंतरच्या सोमवारी मसुदा मागितला तर मुलगे देतात, मुली देत नाहीत; आणि आपण शेरा मारतो की मुली मागे पडल्या. शिमग्यात पालख्या नाचतात, त्या आठवड्यात मुलगे गावी. एप्रिल-मे आंब्याचा: पेट्या भरायला रोज मजुरी मिळते, आणि कितीतरी मुलांची पुढच्या सत्राची फी त्यातून निघते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, तेव्हा यंदा तो कधी येतो ते बघून दुपारनंतरच्या भेटी सकाळी आणा.

एवढं मांडल्यावर लिखाणासाठी खरे मोकळे महिने उरतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मुख्य मसुदा त्यात बसवा. प्रत्येक तारखेला आठ दिवसांची सवलत सगळ्यांना आधीच द्या, कारण न विचारता. सवलत मागायला लावली की पुन्हा तीच अडचण: ज्याला मागता येतं त्यालाच मिळते.

जुलै-ऑगस्टात घाट बंद पडतात, दरडी येतात, वीज जाते. ऑनलाइन भेट हा त्यावर उपाय वाटतो, पण ज्या गावात वीज नाही तिथे रेंजही जाते. साधा फोन आणि आधी दिलेला छापील मजकूर, एवढ्यावर चालेल अशी एक भेट राखून ठेवा.

पीएचडीच्या विद्यार्थ्याला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी किमान तीन आणि कमाल सहा वर्षं दिली आहेत. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षं मिळतात. स्त्रिया आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त अपंगत्व असलेले विद्यार्थी यांना त्यावर आणखी दोन, पण एकूण दहाच्या पुढे नाही. संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजाही मिळते. हे पहिल्या वर्षीच सगळ्यांना सांगा. लग्न होऊन दुसऱ्या शहरी जाणाऱ्या मुलीला तिचं संशोधन तिकडच्या संस्थेत नेता येतं, हेही त्याच नियमांत आहे. फक्त काम निधी देणाऱ्या संस्थेने मंजूर केलेल्या प्रकल्पाचा भाग नसावं आणि आधीच्या संस्थेला व मार्गदर्शकाला श्रेय द्यावं. हे माहीत नसल्यामुळे काम सोडून दिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

## पायरी ७: वाचायला आणि लिहायला बसणं

"दहा पेपर वाचून ये" ही सूचना निम्म्या वर्गासाठी निरुपयोगी आहे. इंग्रजी शोधनिबंध कसा वाचतात हे त्यांना कोणीही दाखवलेलं नसतं. ते पहिल्या ओळीपासून शब्दकोश घेऊन बसतात आणि दुसऱ्या पानावर हार मानतात.

पहिला निबंध सगळ्यांबरोबर बसून वाचा. तीन बैठका: पहिल्या बैठकीत फक्त आकृत्या आणि तक्ते, त्यांवरून काय निष्कर्ष निघत असेल याचा अंदाज, दुसरीत पद्धत, तिसरीत प्रस्तावना आणि चर्चा. प्रत्येक बैठकीनंतर विद्यार्थ्याने मराठीत पाच ओळी लिहायच्या. तिसऱ्या निबंधापासून तो एकटा वाचू लागतो. प्रबंध कसा दिसतो हे दाखवायला शोधगंगा उघडून द्या. तिथे देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचता येतात, मराठीतलेही.

लिखाणाचं. ज्या विषयात मराठीत प्रबंध लिहायची मुभा आहे तिथे ती विद्यार्थ्याला स्पष्ट सांगा आणि मराठीत लिहिणाऱ्याला कमी लेखू नका. इंग्रजीतच लिहायचं असेल तर पहिला खर्डा त्याला बोलू द्या: फोनवर ध्वनिमुद्रण, स्वतःच्या बोलीत. "माका ह्या असा गावला" असं बोलणारा विद्यार्थी निष्कर्ष अगदी नेमका सांगतो. तोच विद्यार्थी थेट इंग्रजीत लिहायला बसला की दुसऱ्याची वाक्यं उचलतो. चोरीची वाक्यं सापडली की आपण नीतीवर व्याख्यान देतो, पण तिचं मूळ पुष्कळदा भाषेच्या भीतीत असतं. बोलणं, मग मराठी लेखन, मग इंग्रजी, असं तीन टप्प्यांत करून घ्या. वेळ जास्त लागतो. लागू द्या.

सावधान. सादरीकरणात कोणी 'न' आणि 'ण'ची गल्लत केली, हेल काढला, तर हसू नका आणि कोणाला हसू देऊ नका. त्याच क्षणी थांबवा. नंतर समजावू म्हणून सोडलंत तर तो विद्यार्थी पुढच्या सादरीकरणाला येत नाही.

दृष्टिहीन किंवा कमी दिसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी: मजकूर युनिकोडमध्ये द्या. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर युनिकोड मराठी वाचतो, पण श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स त्याला कळत नाहीत, आणि फोटो काढून केलेली पीडीएफ तर त्याच्या दृष्टीने कोरीच असते. विभागातल्या जुन्या नोट्स एकदा बदलून घेतल्या की हे काम कायमचं संपतं.

## पायरी ८: पैसे आणि बाहेरचं काम

"आधी खर्च करा, बिलं जोडा, नंतर मिळतील." ज्या घरात महिनाअखेरीला शंभर रुपये नसतात तिथे ही अट म्हणजे नकारच. क्षेत्रभेटीचा खर्च आगाऊ उचल म्हणून मिळेल अशी व्यवस्था विभागात करा. तशी तरतूद नसेल तर अंतर कमी करा, दिवस कमी करा, पण विद्यार्थ्याच्या खिशावर टाकू नका. परिषदेला पाठवताना नोंदणी शुल्क, प्रवास, राहणं, कपडे असा पूर्ण हिशेब आधी मांडा.

किनाऱ्यावर किंवा खाडीत जाताना भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघा. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे मागच्या आठवड्याची वेळ या आठवड्याला चालत नाही. एकट्याला पाठवू नका, मुलगी असो की मुलगा. मुलीच्या सुरक्षिततेचं कारण सांगून तिला प्रयोगशाळेत बसवणं आणि मुलाला होडीवर पाठवणं ही सोपी पळवाट आहे. सोबत द्या, वेळ दिवसाची ठेवा, शौचालयाची सोय कुठे आहे ते आधी विचारून ठेवा आणि तिला जाऊ द्या.

## पायरी ९: अभिप्राय

मसुद्यावर तीनच गोष्टी लिहा: काय जमलंय ते नेमकं, आता बदलायची सर्वात महत्त्वाची एक गोष्ट, आणि पुढच्या भेटीला काय आणायचं. लाल शाईने भरलेलं पान बघून ज्याला पाठबळ आहे तो कामाला लागतो. ज्याला आधीपासून वाटतंय की आपण इथले नाही, तो थांबतो. चुका लपवू नका, फक्त एका वेळी एक घ्या.

याच्या उलटही घडतं आणि ते जास्त वाईट: दया दाखवून मसुदा न वाचताच "छान" लिहायचं, चालवून घ्यायचं. हा विद्यार्थी पुढे तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकासमोर उघडा पडतो. निकष सगळ्यांना एकच ठेवा. तिथपर्यंत पोहोचायला मदत जितकी लागेल तितकी.

पीएचडीला संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात प्रगती मांडावी लागते. त्याआधी आठवडाभर एक सराव घ्या आणि समिती काय विचारते ते सांगा. प्रगती असमाधानकारक ठरली तर समितीने कारणं नोंदवून सुधारणेचे उपाय सुचवायचे असतात. ती नोंद विद्यार्थ्याच्या हाती पोहोचते का बघा.

## पायरी १०: शिफारस, ओळख, नाव

संधीची बातमी सर्वांना एकाच वेळी, एकाच फलकावर द्या. शिफारसपत्र प्रत्येकासाठी लिहून ठेवा, मागितलं नसलं तरी. पत्रात मुलीबद्दल 'मनमिळाऊ, आज्ञाधारक' आणि मुलाबद्दल 'विश्लेषक बुद्धी' असं लिहिलं जातंय का, जुनी पत्रं काढून बघा. मी बघितली आणि सहा पत्रं नव्याने लिहिली.

## पायरी ११: बिनसलं तर

विद्यार्थी लागोपाठ दोन भेटींना आला नाही तर तिसऱ्याची वाट बघू नका. फोन करा आणि पहिलं वाक्य कामाबद्दल नको. "बरा आहेस ना?" एवढं पुरतं.

जातीवरून, धर्मावरून, अपंगत्वावरून अपमान झाल्याचं कोणी सांगितलं तर "त्याच्या मनात तसं नव्हतं" हे उत्तर देऊ नका. ऐका, तारीख-वेळ लिहा, विद्यार्थ्याला विचारून तक्रार निवारण समितीकडे न्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांनुसार समितीने शक्यतो १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. लैंगिक छळाची गोष्ट असेल तर ती अंतर्गत समितीकडेच जाते, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करावी लागते. दोघांना समोरासमोर बसवून मिटवण्याचा प्रयत्न करू नका. हितचिंतक म्हणून असं मिटवायला गेलेल्या एका सहकाऱ्यामुळे एका मुलीचे ते तीन महिने निघून गेले. त्यांचा हेतू चांगला होता. नुकसान तिचं झालं.

आणि अडचण तुमच्याशीच असेल तर? चौथ्या पायरीच्या कागदावर विभागातल्या दुसऱ्या एका शिक्षकाचं नाव आधीच लिहून ठेवा, ज्यांच्याकडे विद्यार्थी तुम्हाला न सांगता जाऊ शकेल. मार्गदर्शक बदलून मागितला तर राग धरू नका, कागद अडवू नका.

## पायरी १२: मे महिन्यात पुन्हा तो कागद

प्रकल्प जमा झाले, तोंडी परीक्षा झाल्या की पहिल्या पायरीचा कागद काढा. त्याच्याखाली यंदाचे चार रकाने आखा: भेटी, मसुदे, संधी, पत्र. यंदाच्या विद्यार्थ्यांची नावं आधी आठवणीतून लिहा. मग हजेरीपट उघडा.